नावाची रिकामी चौकट

अबे थांबा, थांबा ना! बंडूनं आत्ता त्या कंप्युटरच्या मासिकातून वाचून दाखवलं ते काहीच नाही. तो पिवळा गोल नाही का, तोंडाची उघडझाप करत ठिपके खाते, त्याचं जपानमधी वेगळं नाव होतं. अमेरिकेत नेलं तं नाव बदललं. काहून? तं म्हणे तिथले पोट्टे मशीनवरच्या पहिल्या अक्षराची एक रेघ खरवडतीन अन् त्याची शिवी करतीन. एवढी मोठी कंपनी बाप्पा, अन् पोट्ट्याच्या नखाले भ्याली!

हसा, हसा. पण खरवडण्याची गोष्ट निघाली तं माह्यं ऐका. तुमी दोघं रूमवर नवे आहा, तुमाले माहीत नाही मी दर शनिवारी अकोल्याले काहून जातो. बंडूले अर्धं माहीत आहे. बाकीचं त्यालेबी आजच सांगतो, कारण आजच ते झालं.

आमच्या अकोटात एसटी स्टँडच्या मागं रऊफभाईचं टीव्ही गेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाची खोली, तीन टीव्ही, त्यातल्या एकात सारेच माणसं हिरवे दिसत. उन्हाळ्यात आतमधी असं गरम व्हायचं का कॅसेटवरचे स्टिकर आपोआप सुटून खाली पडत. अन् जे चिकटून राहत त्याच्यावर लिहिलेलं असायचं चिनी नाही तं जपानी. आता गिऱ्हाईक मागन कसं? "भाऊ, ते उडी मारायचं लावा." अरे, उडी तं साऱ्यातच आहे! रोज भांडणं. एक दिवस रऊफभाई कावला. मी अन् देवमन तिथीच बसून होतो, तं आमच्यापुढं त्यानं कॅसेटाचा ढीगच ओतला. "तुम्ही दोघं रिकामटेकडे आहे ना? लावा याले नावं. जे कॅसेट नवं येईन ते पहिले तुमाले फुकट."

फुकट! आमी तं उडालोच.

देवमन म्हणजे माह्या वर्गातला. त्याचा बाप जिनिंगमधी गाठींवर मार्का मारे. पाह्यलं का कई? कापसाची गाठ बांधली का पत्र्याचा छापा तिच्यावर ठेवतात अन् काळा रंग फासतात, जिनिंगचं नाव उमटते. त्या छाप्यात अक्षर अखंड कापता येत नाही, मधातला पत्रा गळून पडते. म्हणून अक्षराले मधी-मधी खंड ठेवा लागते. देवमन लहानपणापासून तेच पाहत आला, तं त्याची अक्षरं तशीच, जाड अन् मधातून तुटकी. कागदावर हातानं लिहिलं तरी तुटकीच! गुरुजी मारत त्याले. पण स्टिकरवर ते अक्षर असं दिसे बाप्पा, जसं कंपनीतूनच छापून आलं.

मंग आमचा कायदा ठरला. खेळणार मी. देवमन बाजूले बसून चित्र काढणार, अन् चित्राखाली नावासाठी चौकट रिकामी ठेवणार. मी पहिल्यांदा मेलो का मेल्या-मेल्या जे तोंडातून निघन ते नाव. दुसरी लाईफ सुरू व्हायच्या आधी! नंतर सुचलेलं चालत नाही. अन् देवमनचा हक्क एकच, त्याले नाव पटलं नाही तं तो अंगठ्याच्या नखानं ते खरवडे अन् म्हणे, "नाही जमलं. दुसरं." काहून नाही जमलं, ते सांगायचा नाही. इचारलं तरी नाही. मंग मले पुन्हा मरा लागे.

विटा वरून पडतात अन् आपण रचतो, तो गेम माहीत आहे ना? त्याचं नाव 'सहदेव मिस्त्री'. आमच्या गल्लीत सहदेव मिस्त्री होता, त्यानं बांधलेली भिंत त्याच्याच बकरीनं पाडली होती. आठ दिवसात साऱ्या अकोटात तेच नाव. "भाऊ, सहदेव मिस्त्री लावा!" एकदा खुद्द सहदेव मिस्त्री आला, म्हणे माह्या नावाचं काय लावलं आहे इथी? रऊफभाईनं त्याले बसवलं, हातात रिमोट देला. त्याच्यानं एक ओळ भरंना! विटा चढत गेल्या, चढत गेल्या अन् खेळ खलास. तो उठून म्हणे, "माल खराब आहे." अन् गेला!

मोटरसायकलवाल्याचं नाव 'अकोट-तेल्हारा', कारण दर दोन मिनटाले गड्डा. बंडू, तू हसू नको, तुह्याच गावचा रोड आहे. अन् ते रणगाड्यावालं, आपली जागा सांभाळायची, चारी बाजूनं शत्रू येतात, त्याचं 'मैनाबाईचं अंगण'. मैनाबाईच्या अंगणात आमचा चेंडू गेला का ती झाडू घेऊन उभी राहे, एक पोट्टं आत येऊ देत नसे. देवमननं चित्रात रणगाड्याले झाडू काढला होता. खरं सांगतो, मैनाबाईनं पाह्यलं असतं तं आमाले गल्ली सोडा लागली असती.

मंग त्या वर्षी कापसाचे गाडेच कमी आले. आधी एक जिनिंग बंद पडली, मंग देवमनच्या बापाची. मी ईदीले नानीकडे तेल्हाऱ्याले गेल्तो. वापस आलो तं त्याईच्या खोलीले कुलूप. कोणी म्हणे सुरतेले गेले, कोणी म्हणे नागपूरले. तवा कोणाजोळ मोबाईल होता? मी रऊफभाईच्या दुकानात गेलो. एक नवं कॅसेट आलं होतं. खेळलो, मेलो, नाव तोंडातून निघालं, अन् बाजूले पाह्यलं तं बाजूले कोणी नाही. ते नाव मी कोणाले सांगतलंच नाही. आता तं मलेबी आठवत नाही.

मंग मी इथी अमरावतीले आलो. राजापेठ. कॉलेजचं पहिलं वर्ष. तवा बंडूबी नव्हता, मी एकटाच होतो या खोलीत. क्लासमधी पोट्टे ओळखीचे, पण ओळखीचे म्हणजे नोट्स मागण्याएवढेच. मेसमधी जेवायचं, भिंतीकडे पाहून. मंग क्लासच्या खालचं ते गेमचं दुकान दिसलं तं मी इतका खुश झालो! आत घुसलो अन् काउंटरवर म्हटलं, "भाऊ, मैनाबाईचं अंगण आहे का?"

सारे माह्याकडे पाहायले लागले. दुकानवाला म्हणे, "कोणाचं आंगन?"

मी मंग हातानं दाखवलं, रणगाडे, अशे चारी बाजूनं. तो म्हणे, "टँक म्हण ना बे." टँक! साधं टँक. मी खेळलो, पण सांगतो, घराचं नाव बदललं का घरबी परकं वाटते. तीन रुपये देऊन अर्धा तास परक्या घरात बसून आलो.

तेव्हापासून मी तिथी बोलणंच सोडलं. बोट दाखवायचं, खेळायचं, निघायचं. असे महिने गेले. मंग एक दिवस मी खेळून राहिलो, अन् मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, "भाऊ, सहदेव मिस्त्री लावा ना!"

माह्या हातचा रिमोट पडला बे.

अमरावतीत? सहदेव मिस्त्री? त्या माणसाले इथी कोण ओळखते? मी काउंटरवर धावलो, कॅसेट हातात घेतलं. जाड, तुटकी अक्षरं. चित्रात वाकडी भिंत, अन् भिंतीवर बकरी.  म्हटलं, हे कुठून आलं? दुकानवाला म्हणे, "अकोल्याहून. जुन्या शहरात गुलनार आपा आहे, टीव्ही गेम दुरुस्त करते, तिच्याकडून माल आणतो. स्टिकर खराब झाले की नवे लावून देते."

मी दुसऱ्याच दिवशी एसटीत. क्लास बुडवला. बडनेरा, मूर्तिजापूर, सारा रस्ता मी फक्त हेच ठरवत होतो का भेटल्यावर पहिले शिवी द्यायची का पहिले गळ्यात पडायचं.

गुलनार आपाचं दुकान म्हणजे बोळीतली अरुंद खोली. आपा डोळ्याले चष्मा, हातात गरम सोल्डर, वायर जोडून राहिली होती. वर न पाहताच म्हणे, "क्या बिगड़ा?"

म्हटलं, "काही बिघडलं नाही आपा. देवमन इथी येते का?"

तिनं मंग वर पाह्यलं. "येते ना. शनिवारी येते. तू कोण?"

"मी शाकीब. अकोटचा."

आपानं सोल्डर खाली ठेवला. मले वरून खालपर्यंत पाह्यलं. "तू नाववाला?"

मले समजलं नाही. ती उठली, फळीवरून कॅसेटाचा खोका काढला अन् माह्यापुढं ठेवला. सारे नवे गेम, मी कई न पाह्यलेले. साऱ्यांवर देवमनचं चित्र. एकात मासा, एकात हेलिकॉप्टर, एकात दोन माणसं. अन् साऱ्या चित्रांखाली नावाची चौकट. रिकामी.

"याच्यावर नाव काहून नाही?" मी इचारलं.

"तेच मी त्याले इचारते! जुन्या गेमचं नाव लिहिते, नव्याचं लिहित नाही. म्हणते, नाव माह्याजोळ नसते आपा. नाव देणारा अकोटात आहे. मी म्हटलं, अरे गिऱ्हाईक मागन कसं? तं म्हणते, मासा दाखवून मागू द्या."

मी एक-एक कॅसेट उलटून पाह्यलं.  आपानं पाणी देलं. म्हटलं, "तो काय करते? राहते कुठी?"

"मार्केट यार्डात हमाली करते. राहते कुठी ते नाही सांगत. बोलतच नाही जास्त. येते, चित्र काढते, चहा पिते, जाते."

मंग मी म्हटलं, "आपा, एक टीव्ही लावून द्या."

अन् मी बसलो. माशावालं लावलं, मेलो, नाव. हेलिकॉप्टर, मेलो, नाव. आपा पाहत होती, तिले काही समजंना. "अबे, मर-मरके नाम रखता क्या तू?" मी म्हटलं, आमचं असंच आहे आपा. ती हसली अन् म्हणे, "मंग जरा लवकर मर, मले जोहरच्या नमाजाआधी टीव्ही पाहिजे."

शेवटचं राह्यलं दोन माणसाईवालं. ते असं आहे का त्यात दोघं जण लागतात. दोघं सोबत चालतात, अन् दोघंही पडद्याच्या कोपऱ्याले पोचल्याशिवाय पुढचा पडदा येतच नाही. दुसरा रिमोट धरायले कोणी नव्हतं. माहा माणूस कोपऱ्यात जाऊन उड्या मारे, अन् दुसरा तिकडे मागं उभा. नुसता उभा. वेळ संपली, मेलो. अन् तोंडातून निघालं ते मी चौकटीत लिहून टाकलं: 'देवमन कुठी गेल्ता'.

मले माहीत होतं का हे गेमचं नाव नाही. पण निघालं तं निघालं.

आपाले रूमचा पत्ता देला, म्हटलं त्याले सांगा, मी शनिवारी येतो.

शनिवारी मी सकाळच्याच गाडीनं गेलो. दिवसभर बसलो बे तिथी. आपाच्या वायरा धरून देल्या, दोन गिऱ्हाइकाईशी भांडलो, चहा प्यालो, पुन्हा चहा प्यालो. बोळीत कोणाची चप्पल वाजली का उठून पाहे. ऊन उतरलं तरी देवमन नाही. आपा माह्याकडे पाहायची, अन् मी पाह्यलं का सोल्डरकडे पाहायची. शेवटी म्हणे, "बेटा, ऐक. तो येऊन गेला. बुधवारीच."

"मंग तुमी सांगतलं नाही का, मी येतो म्हणून?"

"सांगतलं. म्हणून तं तो म्हणाला, आपा, आता मी बुधवारीच येत जाईन."

मी चहाचा कप खाली ठेवला.

आपा म्हणे, "माह्यंच चुकलं. मी मोठ्या खुशीनं सांगतलं त्याले, तुझा दोस्त कॉलेजात शिकते, कडक इस्त्रीचा शर्ट घालते, साहेब दिसते. तिथपर्यंत तो हसत होता रे. तेवढं ऐकलं अन् हात पुसायले लागला. रंग नव्हता हातावर, तरी पुसत होता."

आता पाहा, तो शर्ट माह्या अब्बानं शिवलेला, टेलर आहे ते. आमच्या घरात पैसा नाही, इस्त्री तेवढी आहे. हे देवमनले माहीत आहे! पण आपाच्या तोंडून ऐकताना त्याले कोण दिसलं असन, मी नाही सांगू शकत.

आपा म्हणे, "तू बुधवारी ये. मी त्याले सांगत नाही. ये अन् पकड."

तुमीबी तेच म्हणसान, माहीत आहे. बंडू तं मंग ऐकून म्हणालाच होता, कॉलर पकडायची होती त्याची. मी गेलोही. जुना शर्ट घातला, न इस्त्रीचा, अन् बुधवारच्या गाडीत बसलो. बोळीत आपाच्या समोर सायकल पंक्चरचं दुकान आहे, तिथी जाऊन उभा राह्यलो.

तो आत बसून होता.

खिडकीतून अर्धाच दिसे. खांदे रुंद झाले त्याचे. केसात कापसाचे पुंजके, जसे त्याच्या बापाच्या केसात राहत. मान वाकडी करून चित्र काढून राहिला होता, जिभेचं टोक बाहेर, तसंच. सारं तसंच बे! मंग त्यानं ते दोन माणसाईवालं कॅसेट उचललं. वाचलं. किती वेळ वाचत होता. माह्यं नाव नाही तिथी, त्याचं नाव आहे. मंग अंगठा पुढं केला अन् नखानं खरवडायले लागला. हळूहळू. एक-एक अक्षर. फुंकर मारली, भुसा उडवला, कॅसेट बाजूले ठेवलं.

बोळी केवढी असते? दोन ढांगा टाकल्या असत्या तं मी आत. पंक्चरवाला बी म्हणे, "जायचं असन तं जा ना भाऊ, चाकावर काहून उभा आहे?" मी त्याच्या ट्यूबवर पाय ठेवून उभा होतो. पण नाही गेलो. त्यानं वार बदलला होता ना. म्हणजे त्यानं सांगतलं होतं मले, तोंडानं नाही सांगतलं एवढंच. अन् मी चोरून बुधवारी येऊन त्याले पकडायचं, तं मंग त्याले उद्या कोणता वार उरन? आपाकडेबी येणं सोडून दिलं असतं त्यानं.

तो निघाला, बोळीच्या दुसऱ्या तोंडानं गेला. पाठ दिसली, मंग नाही दिसली.

मी आत गेलो. आपानं कॅसेट माह्या हातात देलं. "हे बाजूले ठेवून गेला. म्हणे, नाही जमलं. दुसरं पाहिजे."

दुसरं पाहिजे!

अबे, तुमाले समजून राहिलं का? बाकी साऱ्या नावांवर त्यानं आपली जाड अक्षरं गिरवली होती, माह्या किडेमकोड्यासारख्या अक्षरांवर. म्हणजे ती जमली. अन् हे एक नाही जमलं. कॉलेज नाही, शर्ट नाही, हमाली नाही, फक्त नाव नाही जमलं. आख्ख्या वर्षात माह्याशी कोणी इतकं बरोबर बोललं नव्हतं. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, बाजूची बाई म्हणे, "काय झालं बाबू, पेपर खराब गेला काय?" म्हटलं, "हो मावशी. पुन्हा देता येते पण."

मंग ते कॅसेट मी इथी घेऊन आलो. आठवडाभर क्लासखालच्या दुकानात बसून एकटाच मरत होतो. काही नाव निघंना. दुसरा माणूस उभाच! तवा बंडू या रूमवर नवाच आला होता. मले पाह्यलं तिथी, म्हणे, "येड्या, दोघांचा गेम आहे, एकटा काहून खेळून राहिला?" अन् बाजूले बसला, दुसरा रिमोट उचलला. मी नको म्हणणार होतो. खरंच नको म्हणणार होतो बंड्या, ती जागा तुही नव्हती. पण तू बसलाच.

अन् बंडू खेळते कसा, तं बैल पाण्यावर सोडल्यासारखा, कुठीबी जाते. मी कोपऱ्यात उभा, हा मागं खड्ड्यात. मी ओरडून राहिलो, चल ना बे! अन् हा तिकडून ओरडून राहिला. पहिला पडदा पार झाला. दुसऱ्यात मी पुढं, हा मागं, मी याले घ्यायले वळलो, दोघं ओरडतो आहे, अन् पुलावरून पडलो. मेलो. पडता-पडता मी जे ओरडलो तेच बंडू बी ओरडला. तेच मी लिहिलं चौकटीत.

शनिवारी आपाकडे ठेवून आलो. मधात एक शनिवार कोरडा गेला, आपा म्हणे तो आलाच नाही, यार्डात काम होतं. मले झोप कशी आली असन त्या आठवड्यात, तुमीच सांगा. म्हटलं, संपलं.

अन् आज गेलो होतो. आपा बोट दाखवते, फळीवर. हे पाहा, घेऊनच आलो. हात धुवा आधी, तेलकट हात लावू नका, रंग खराब होईन. चित्र तेच आहे, दोन माणसं. पण आधी हा मागचा नुसता उभा होता, आता पाहा त्याचा एक पाय उचललेला आहे. तेवढं त्यानं बदललं. अन् चौकटीत माह्यं लिहिलेलं नाही खरवडलं. त्याच्यावरूनच गिरवलं, जाड अन् मधातून तुटकं:

'थांब, आलो.'

भेटला का म्हणता? नाही भेटला. आपानं इचारलं, बुधवारी येतो का म्हणून. म्हटलं, नाही, मी शनिवारीच येत जाईन. नवीन खोका आला तिथी, पाच-सहा कॅसेट आहे, साऱ्या चौकटी रिकाम्या.

बंड्या, पुढच्या शनिवारी तू येतो का? त्यात एक पुन्हा दोघांचा आहे.